युरोपीय प्रबोधनकाळातल्या कलेवरचा अभ्यासग्रंथ कसा वाचावा

लातूर-परभणीच्या दुकानांत हे ग्रंथ सहसा मिळत नाहीत. मागवले तर एकेकाला काही हजार रुपये मोजावे लागतात. म्हणून आधी रीतसर फुकट मिळतात ते घ्या. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम यांनी आपली कितीतरी जुनी प्रकाशनं पूर्ण पीडीएफमध्ये खुली ठेवली आहेत. जुन्या ग्रंथांतली बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल असतात, तेव्हा रंगाबद्दलचं विधान त्यांवरून पारखू नका. चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याच्या संकेतस्थळावर ते उघडा आणि शोधताना नोंदणी क्रमांक टाका. एकाच चित्राची तीन-चार नावं असतात, क्रमांक एकच. चित्रकार यान व्हान आयकच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी चित्राचा (एका जोडप्याचं व्यक्तिचित्र) क्रमांक लंडनच्या नॅशनल गॅलरीत एनजी १८६ आहे.

पहिल्या पानापासून वाचत सुटू नका. आधी चित्राखालची ओळ नीट वाचा. मापात उंची आधी येते, रुंदी नंतर. ते माप खडूने भिंतीवर आखा. आर्नोल्फिनी साधारण ८२ × ६० सेंमी, म्हणजे लहानशा खिडकीएवढं. लिओनार्डो दा व्हिंचीचं ‘द लास्ट सपर’ ४६० × ८८० सेंमी. ते आखायला अंगणच लागेल. छापील पानावर दोन्ही सारखीच दिसतात आणि तिथेच अंदाज चुकतो. त्याच ओळीत चित्रकाराच्या नावाआधी ‘वर्कशॉप ऑफ’ किंवा ‘फॉलोअर ऑफ’ असेल तर ते चित्र त्याच्या नावावर खपवू नका. पहिल्याचा अर्थ त्याच्या कारखान्यातलं, दुसऱ्याचा अर्थ त्याच्या वळणावर काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचं. मालकीची परंपरा सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी वाचायची: कुणाकडून कुणाकडे, कोणत्या साली, आणि मधली किती वर्षं कोरी.

खरा कस तळटीपांत लागतो. प्रत्येक ठाम वाक्यापाशी थांबा आणि आधार कसला आहे ते पेन्सिलीने समासात लिहा: दस्तऐवज, शैलीवरून काढलेला अंदाज, की नंतर कुणीतरी सांगितलेली गोष्ट. इटालियन चित्रकार आणि लेखक जॉर्जो वसारीची चित्रकार-चरित्रं १५५० मध्ये निघाली, वाढवलेली आवृत्ती १५६८ मध्ये. त्यांच्याशिवाय या विषयात पाऊल पुढे पडत नाही, पण आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने दोमेनिको व्हेनेत्सियानो या दुसऱ्या चित्रकाराचा खून केला असं तो सांगतो. प्रत्यक्षात कास्तान्यो १४५७ मध्ये वारला आणि दोमेनिको १४६१ मध्ये.

करारनामा हा भक्कम पुरावा, तरी त्यातून काय ठरलं होतं तेवढंच कळतं. चित्रकार गिरलांदायोने १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी वेदीचित्राच्या (चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र) केलेल्या करारात ११५ फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) मोबदला आहे, औंसाला ४ फ्लोरिन किमतीचा अल्ट्रामरीन निळा वापरण्याची अट आहे आणि सगळं काम स्वतःच्या हाताने करण्याचीही. तरी त्या वेदीचित्राच्या खालच्या पट्टीतली छोटी चित्रं बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी या दुसऱ्या चित्रकाराने रंगवली. करारनाम्यासोबत पैसे दिल्याच्या नोंदी वाचल्या, तरच हे सापडतं.

तारखांत हमखास घोळ होतो. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून तिथल्या कागदावरचा फेब्रुवारी १४८५ म्हणजे आपला फेब्रुवारी १४८६. चांगले ग्रंथ १४८५/८६ असं छापतात. दोन ग्रंथांत एका वर्षाचा फरक आढळला तर आधी हेच तपासा. ‘क्वात्रोचेंतो’ म्हणजे १४०० ची वर्षं, अर्थात पंधरावं शतक. सूचीत लिओनार्डो ‘ल’खाली शोधा, व्हिंची हे गावाचं नाव.

‘फ्रेस्को’ शब्दाचं भाषांतर सरसकट ‘भित्तिचित्र’ करू नका. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि चुना घट्ट होताना रंग त्यात बांधला जातो. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवत. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात. आपल्या अजिंठ्याची चित्रं वाळलेल्या गिलाव्यावरची, म्हणून ती या अर्थाने फ्रेस्को नव्हेत. ‘द लास्ट सपर’ही नव्हे: लिओनार्डोने कोरड्या भिंतीवर रंगवलं आणि काही दशकांतच पोपडे निघू लागले.