गॅमा किरण स्फोटांचा माग काढताना या चुका टाळा

गॅमा किरण स्फोट, म्हणजे दूरच्या दीर्घिकेत महातारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एक होताना थोडा वेळ उसळणारा गॅमा किरणांचा लोट, टिपण्यासाठी दुर्बीण सज्ज करणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: गॅमा किरण त्याच्या दुर्बिणीपर्यंत पोहोचणारच नाहीत. वातावरण ते वरच्या वर अडवते, म्हणून स्फोटाची पहिली वर्दी उपग्रहाकडूनच येते. जमिनीवरून आपण पाहतो तो आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटातून निघालेला झोत भोवतालच्या वायूवर आदळल्याने निर्माण होणारा आणि झपाट्याने मंदावणारा प्रकाश. १९ मार्च २००८ रोजी साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरचा एक स्फोट अर्ध्या मिनिटापुरता नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी झाला होता हे खरे. परंतु त्या अपवादाच्या भरवशावर निरीक्षणाची आखणी करू नये.

सूचना आली की धावू नका, वाचा

सर्वांत जास्त रात्री वाया जातात त्या सूचना अर्धवट वाचल्यामुळे. स्विफ्ट उपग्रहाचे गॅमा उपकरण स्फोटाची जागा साधारण ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येच्या वर्तुळात सांगते आणि त्याची क्ष-किरण दुर्बीण ती काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आणून ठेवते. फर्मी या दुसऱ्या उपग्रहाच्या स्फोट-मॉनिटरने दिलेली जागा मात्र कित्येक अंशांनी चुकलेली असू शकते. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, हे आठवले तर लहान दृष्टिक्षेत्राची दुर्बीण फर्मीच्या मध्यबिंदूवर रोखून तासभर एक्स्पोजर घेणे किती निरर्थक आहे ते कळेल. शिवाय फर्मीच्या सूचनेत छापलेली त्रुटी केवळ सांख्यिकी असते, उपकरणाची पद्धतशीर त्रुटी त्यात धरलेली नसते; आणि उपग्रहावरच काढलेली पहिली जागा जमिनीवरील गणितानंतर बऱ्याचदा सरकते. जवळ लहान दुर्बीण असेल तर स्विफ्टच्या सूचनांपुरतेच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपग्रहाचा ट्रिगर म्हणजे स्फोटच, असेही नाही. सौरज्वाला, आपल्याच आकाशगंगेतील मॅग्नेटार (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा) किंवा विद्युतभारित कणांचा लोंढा यांनीही उपकरण जागे होते. चूक उलट दिशेनेही होते. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी फर्मीने जागतिक वेळेनुसार १३:१६:५९ ला एक प्रचंड स्फोट नोंदवला; स्विफ्टला तोच स्रोत सुमारे ५३ मिनिटांनंतर दिसला. तो आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होता आणि इतका तेजस्वी होता की सुरुवातीला आपल्याच दीर्घिकेतील नवा क्ष-किरण स्रोत म्हणून त्याची घोषणा झाली. दोन्ही नोंदी जुळवल्यावर कळले की हा प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षे प्रवास करून आलेला होता. आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट तो हाच. म्हणून स्रोत चमत्कारिक वाटला, तर त्याआधीच्या दोन-तीन तासांतील इतर उपग्रहांच्या सूचना उघडून पाहाव्यात.

नवा ठिपका दिसला म्हणजे आफ्टरग्लो सापडला नव्हे

या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. त्रुटीवर्तुळाच्या, म्हणजे सूचनेत दिलेल्या जागेच्या वर्तुळाच्या, कडेला, जुन्या नकाशात नसलेला, अठराव्या प्रतीचा (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका प्रकाश मंद) सुरेख गोल ठिपका मला मिळाला आणि मी उत्साहाच्या भरात अहवालाचा मसुदाही लिहून काढला. पहिले आणि शेवटचे चित्र एकावर एक ठेवून आलटून पालटून पाहिले तेव्हा सगळे तारे जागच्या जागी स्थिर होते आणि माझा आफ्टरग्लो तेवढा वीस मिनिटांत दहा विकला पुढे चालून गेला होता. तो मुख्य पट्ट्यातील लघुग्रह होता. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत तो पाहायला दोन मिनिटेही लागली नसती.

मोठ्या दुर्बिणींचीही अशी फसगत होते. अतिदूरच्या जीएन-झेड११ या दीर्घिकेच्या जागी केक दुर्बिणीने २०१७ मध्ये टिपलेली क्षणिक चमक २०२० मध्ये गॅमा किरण स्फोटाशी जोडली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती बहुधा ‘प्रोटॉन’ नावाच्या एका रशियन अग्निबाणाच्या टाकून दिलेल्या टप्प्यावरून परावर्तित झालेली सूर्यकिरणांची तिरीप असावी, असे दाखवून देण्यात आले. यासाठी एका लांब एक्स्पोजरऐवजी अनेक छोटी घ्यावीत: उपग्रहाची चमक त्यांतील एकातच सापडते. दोन एक्स्पोजरच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवावी, म्हणजे कॅमेऱ्यातील तापलेला पिक्सेल ताऱ्यांबरोबर न सरकता आपल्याच जागी राहून उघडा पडतो. तुलनेसाठी जुन्या छायाचित्र-पट्ट्यांपेक्षा पॅन-स्टार्ससारखे खोलवरचे (मंद तारेही टिपणारे) आकाश-सर्वेक्षण वापरावे, अन्यथा प्रत्येक मंद तारा नवा वाटतो.

“ठिपका मंदावतच नाही” ही तक्रार बऱ्याच वेळा वेळेच्या हिशेबातून येते. आफ्टरग्लोचे तेज ढोबळमानाने स्फोटापासून लोटलेल्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटते. स्फोटानंतर १० व्या आणि २० व्या मिनिटाला घेतलेल्या चित्रांत त्यामुळे पाऊण प्रतीचा फरक दिसेल. पण ३०० व्या आणि ३१० व्या मिनिटाच्या चित्रांत तो ०.०४ प्रतीहूनही कमी असेल आणि मोजणीच्या त्रुटीत बुडून जाईल. उशिरा सुरुवात झाली असेल, तर लोटलेला वेळ दुप्पट होईपर्यंत थांबून मगच निष्कर्ष काढावा.

घड्याळ

वेळ जागतिक वेळेतच लिहावी आणि ती एक्स्पोजरच्या मध्याची असावी. फाइलमध्ये कॅमेरा आरंभाची वेळ लिहितो की शेवटची, हे एकदा तपासून घ्यावे. उपग्रहांची माहिती स्वतः उतरवून आलेख काढणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. फर्मीचे सेकंद १ जानेवारी २००१ पासून मोजले जातात आणि तेव्हापासून जागतिक वेळेत ५ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवण्यासाठी वाढवलेले सेकंद) घातले गेले आहेत. ते विसरल्यास आलेख ५ सेकंदांनी सरकतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी आणि त्यांचा गॅमा स्फोट यांत अंतर होते अवघे १.७ सेकंद, अशा ठिकाणी ही चूक निष्कर्षच उलटा करील.

आलेखावरून स्फोटाची जात ठरवतानाही दोन सेकंदांची सीमारेषा (त्याहून लांब तो महातारा कोसळल्याचा, आखूड तो मीलनाचा) दगडावरची रेघ मानू नये. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट सुमारे ५० सेकंद चालला, तरी त्यामागे किलोनोव्हाची, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनानंतर उरणाऱ्या मंद उजेडाची, खूण सापडली, म्हणजे उगम कोसळणाऱ्या महाताऱ्याचा नसून मीलनाचा असावा.

प्रत मोजताना

तुलनेचा तारा संपृक्त झालेला नाही ना, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला नाही ना, हे आधी पाहावे. तो संपृक्त असेल तर त्याचे तेज कमी मोजले जाते आणि आफ्टरग्लो आहे त्याहून तेजस्वी ठरतो. फिल्टर कोणता, तो नव्हताच का, आणि प्रत एबी पद्धतीची की वेगा पद्धतीची (प्रतीचा शून्यबिंदू ठरवण्याच्या या दोन रीती), हे न लिहिता दिलेला आकडा इतरांना वापरता येत नाही, कारण तांबड्या पट्ट्यातच या दोन पद्धतींत सुमारे ०.२ प्रतीचा फरक पडतो. आकाशगंगेतील धुळीमुळे झालेली घट वजा केली आहे की नाही, तेही नमूद करावे.

काहीच दिसले नाही, तर अहवाल न पाठवणे ही शेवटची चूक. “दिसले नाही” एवढेच लिहिणेही पुरेसे नाही. स्फोटानंतर किती मिनिटांनी, कोणत्या फिल्टरमधून आणि वर्तुळाचा किती भाग व्यापून कितव्या प्रतीपर्यंत पाहिले, हे सांगितले की त्या वेळी आफ्टरग्लो त्याहून मंद होता हे सिद्ध होते, आणि दुसऱ्या वेधशाळेला तो नंतर सापडला तर त्याच्या प्रकाशवक्राचा (वेळेनुसार बदलत्या तेजाच्या आलेखाचा) सुरुवातीचा भाग तुमच्याच मर्यादेने बांधला जातो.