थकवलेलं बिल वसूल कसं करायचं: लहान कारखानदारांसाठी

भोसरी, वाळूज, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्याचं पैशाचं गणित बहुतेक वेळा दोन-तीन मोठ्या पार्ट्यांवर चालतं. त्यातल्या एकीने पेमेंट थांबवलं की कच्चा माल, पगार आणि हप्ते आपल्या खिशातून जातात. जीएसटीचं दुखणं वेगळंच. बिल काढलं की कर भरावा लागतो, आणि पैसे बुडाले म्हणून भरलेला कर परत मिळत नाही. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) माल परत आला, कमी निघाला किंवा दर जास्त लागला तर काढता येते, नुसतं पेमेंट आलं नाही म्हणून नाही.

वसुलीचे कायदेशीर मार्ग बरेच आहेत आणि त्यातले काही लहान उद्योगाच्या बाजूने चांगलेच झुकलेले आहेत. पण प्रत्येक मार्गाचं घड्याळ कुठल्या ना कुठल्या कागदावरच्या तारखेपासून सुरू होतं. तो कागद वेळेवर तयार झाला नसेल तर पुढे वकील कितीही चांगला असला तरी त्याला फार काही करता येत नाही.

आधी शोधा: पैसे नाहीत, द्यायचे नाहीत, की तक्रार आहे?

“साहेब बाहेरगावी आहेत”, “चेक तयार आहे, सही बाकी आहे”, “मार्च एंडिंग होऊ द्या” ही उत्तरं तिन्ही प्रकारच्या पार्ट्या देतात. फोनवरच्या तगाद्याने त्यांच्यातला फरक कळत नाही आणि फोनचा पुरावाही राहत नाही. म्हणून पहिला उशीर झाला की पर्चेस आणि अकाउंट्स, दोघांनाही एकाच मेलवर असं विचारा:

“सोबतच्या यादीतली बिलं मुदतीनंतरही येणे आहेत. यातल्या कोणत्याही बिलाच्या मालाबद्दल, मोजमापाबद्दल किंवा दराबद्दल आपली तक्रार असल्यास बिल क्रमांकासह ७ दिवसांत कळवावी. तक्रार नसल्यास पेमेंटची तारीख कळवावी.”

उत्तरात तारीख आली तर ती येणं मान्य असल्याची कबुली झाली. तक्रार आली तर ती आजच कळली, सहा महिन्यांनी कोर्टात नाही. काहीच आलं नाही तर तेही पुढे उपयोगी पडतं.

यामागे २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा मानतो. चार महिन्यांनी अचानक येणारी “रिजेक्शन”ची डेबिट नोट (माल नाकारून बिलातून रक्कम कापल्याचा कागद) या तरतुदीपुढे बरीच दुबळी पडते. मात्र अशी नोट आली की गप्प बसू नका. कोणत्या लॉटचं रिजेक्शन, तपासणी अहवाल कुठे आहे आणि माल परत का पाठवला नाही, हे तीन प्रश्न लेखी विचारून ती नाकारा. आठवडाभर उत्तर दिलं नाही की तुमचं लेजर आणि त्यांचं लेजर वेगळं पडतं, आणि पुढे दोन वर्षं वाद मूळ बिलाऐवजी त्या फरकावरच चालतो.

फाइलमध्ये काय हवं

पीओ (खरेदी ऑर्डर), बिल, डिलिव्हरी चलनावर स्टोअरचा शिक्का आणि सही, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, त्यांचा जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद). सगळ्यात जास्त हरवतं ते शिक्क्याचं चलन. ड्रायव्हर ते गाडीच्या डॅशबोर्डवर टाकतो आणि ते तिथेच राहतं. गाडी परत आली त्याच दिवशी त्याचा फोटो काढून बिल क्रमांकाच्या नावाने सेव्ह करायची सवय लावा.

पार्टी माल मिळाल्याचंच नाकारत असेल तर दोन पुरावे तिच्याच हातून तयार झालेले असतात. तिने तुमच्या बिलावर टीडीएस कापला असेल तर ती नोंद तुमच्या २६एएस मध्ये (तुमच्या नावे कापलेल्या कराच्या आयकर विवरणात) दिसते. आणि तुमच्या बिलाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर बिल तिच्या हिशेबात चढलेलं आहे.

दर तिमाहीला बॅलन्स कन्फर्मेशनवर (बाकी मान्य असल्याच्या पत्रावर) सही-शिक्का घ्या. साध्या येण्यासाठी दावा करायची मुदत ३ वर्षांची असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यावर घेतलेल्या कबुलीने हा फायदा मिळत नाही. मेल आणि व्हॉट्सॲपवरची कबुली दाखवायची असेल तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ मेल आणि जुना फोन जपून ठेवा.

आणखी एक बारकावा: पार्टी अधूनमधून बिल क्रमांक न देता “ऑन अकाउंट” रक्कम टाकते. कोणत्या बिलापोटी हे तिने सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर ती रक्कम कुठे लावायची हे ठरवायचा हक्क करार कायद्याने तुम्हाला दिला आहे. ती सर्वात जुन्या बिलाला लावा आणि त्याच दिवशी मेलने कळवा.

माल कधी थांबवायचा

बहुतेकांचं नुकसान इथे वाढतं. आधीचे ४ लाख अडकलेले असतात, ते निघावेत म्हणून आणखी ३ लाखांचा माल जातो आणि मग ७ लाख अडकतात. मर्यादा आधीच ठरवा. आमच्या मते ठरलेल्या मुदतीवर ३० दिवस उलटले की उधारीचा डिस्पॅच बंद करावा, आणि त्याआधी एक आठवडा लेखी सूचना द्यावी म्हणजे त्यांची लाइन अचानक थांबल्याचा आरोप तुमच्यावर येत नाही. पीओमध्ये पुरवठा थांबवल्यास दंडाची अट असेल तर ती आधी नीट वाचा. नंतरचा माल फक्त आगाऊ पैशावर, शिवाय प्रत्येक नव्या ऑर्डरबरोबर जुन्या थकबाकीचा ठरावीक भाग.

जॉबवर्क करणाऱ्यांच्या हातात आणखी एक हक्क असतो. ज्या मालावर तुम्ही काम केलं, तोच माल त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवता येतो. पण याच्या दोन मर्यादा पक्क्या लक्षात ठेवा. मजुरी उधारीवर द्यायची ठरली असेल तर हा हक्क चालत नाही. आणि जुन्या बिलांसाठी आजचा माल किंवा पार्टीची डाय, पॅटर्न, फिक्स्चर अडवून ठेवता येत नाहीत. तसं केलं की पैसे मागणारे तुम्ही असूनही फौजदारी तक्रार तुमच्यावर होऊ शकते.

अकाउंट्सला हलवणारं पत्र

वकिलाच्या नोटिशीआधी कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र पाठवा, तेही पर्चेस मॅनेजरऐवजी फायनान्सच्या प्रमुखाला, आणि प्रत संचालकांना. त्यात धमकी नको. पैसे न दिल्याने त्यांच्याच हिशेबात काय होतं तेवढं तारखांसह लिहा.

बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. १ एप्रिलच्या बिलाचे १८० दिवस २८ सप्टेंबरला भरतात. पत्रात प्रत्येक बिलासमोर ही तारीख लिहा.

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर आयकराची ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूदही आहे. मुदत उलटलेलं तुमचं बिल ३१ मार्चला बाकी राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. म्हणून या मुद्द्याचं पत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलं पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोचलेल्या पत्राला फंड संपल्याचं उत्तर मिळतं.

खरेदीदार कंपनी असेल तर ४५ दिवसांवर थकवलेल्या अशा बिलांचं अर्धवार्षिक विवरणही तिला द्यावं लागतं: एप्रिल ते सप्टेंबरचं ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचं ३० एप्रिलपर्यंत. त्यात आमचं नाव आणि थकीत रक्कम दाखवली आहे का, असा साधा प्रश्न पत्रात विचारा.

उद्यम नोंदणी आणि ४५ दिवस

एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. पीओवर ९० दिवस छापले असले तरी कायदा ४५ च धरतो. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ५.५० टक्के धरला तर व्याज १६.५० टक्के, म्हणजे ५ लाखांच्या बिलावर एका वर्षात सुमारे ८९ हजार. हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणूनही दाखवता येत नाही.

हे संरक्षण माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी आहे. मध्यम उद्योगाला यातलं काही मिळत नाही. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) मिळते, पण विलंबित पेमेंटचा फायदा मिळत नाही. नोंदणी मालाच्या पुरवठ्याआधीची असावी. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांसाठी अर्ज केला की पहिली हरकत नेमकी तिथेच येते. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

दाद मागायची ती सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे. अर्ज ऑनलाइन होतो आणि मार्गदर्शन जिल्हा उद्योग केंद्रात मिळतं. पार्टी चेन्नईची असो वा गुरुग्रामची, तुमचा कारखाना जिथे आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो. अर्जासोबत उद्यम प्रमाणपत्र, पीओ, बिलं, पोच, पत्रव्यवहार आणि बिलवार व्याजाचा तक्ता जोडा. अर्ज रखडतात ते बहुधा या तक्त्यामुळे: सगळ्या बिलांची एकत्र बेरीज करून त्यावर एकच व्याज लावलेलं असतं. प्रत्येक बिलाची देय तारीख वेगळी, म्हणून व्याजही वेगळं काढावं लागतं.

परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरूनच पैशाची सोय करा. तरीही वाट पाहण्यासारखा हा मार्ग आहे, कारण निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के आधी कोर्टात भरावे लागतात. वेळ काढायला म्हणून अपील करणं त्याला महाग पडतं.

चेक परत आला तर

इथे एकेक दिवस मोजावा लागतो. चेक त्याच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत भरलेला हवा. बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने, पोच जपून. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करा. ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्ट सुरुवातीलाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं.

नोटीस फसते ती रकमेवरून. चेक २ लाखांचा आणि मागणी एकूण ५ लाख थकबाकीची, असं मोघम लिहिलं की नोटीसच बाद होते. चेकची नेमकी रक्कम मागा, बाकीचं येणं वेगळ्या पत्राने. कंपनीचा चेक असेल तर कंपनी, सही करणारा आणि कारभार पाहणारे संचालक, सगळ्यांच्या नावाने नोटीस काढा.

कोर्ट आणि एनसीएलटी

३ लाख किंवा त्यावरचा व्यापारी दावा वाणिज्य न्यायालयात जातो. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर त्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करणं सक्तीचं आहे. तो न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो. पीओ आणि स्वीकारलेली बिलं स्वच्छ असतील तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालच्या संक्षिप्त दाव्याबद्दल विचारा. त्यात प्रतिवादीला बचाव करण्याआधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जायला थकबाकी किमान १ कोटी लागते. आधीपासूनचा खरा वाद कागदावर दिसला तर अर्ज टिकत नाही. कंपनी खरोखर दिवाळखोरीत गेलीच तर माल पुरवणाऱ्यांचा नंबर बँकांच्या बराच मागे असतो. हे वसुलीचं ठिकाण नाही, आणि केवळ धाक दाखवायला त्याची नोटीस पाठवू नये.

तडजोड करताना

निम्म्याहून जास्त रक्कम लवकर मिळत असेल आणि पार्टी डबघाईला आली असेल तर तडजोड शहाणपणाची. मात्र ती लेखी हवी: एकूण मान्य रक्कम, हप्त्यांच्या तारखा, प्रत्येक हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक, आणि एक हप्ता चुकला तर सूट रद्द होऊन व्याजासह पूर्ण रक्कम देय होईल ही अट. “पूर्ण व अंतिम” लिहिलेल्या पावतीवर शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यानंतरच सही करा, आणि परिषदेतला किंवा कोर्टातला अर्जही त्यानंतरच मागे घ्या.

पार्टी बरी आहे पण सवयीने उशीर करते, अशी असेल तर पुढच्या ऑर्डरआधी ट्रेड्सची (बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मची) अट घाला. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या प्लॅटफॉर्मवर नोंदणी बंधनकारक आहे. त्यांनी तिथे तुमचं बिल मंजूर केलं की बँक किंवा वित्तसंस्था थोडी कपात करून तुम्हाला पैसे देते, आणि पुढे कंपनीने ते चुकवले तरी तुमच्याकडून परत मागत नाही.