काट्याचे पासिंग वेळेत आणि नीट कसे करून घ्यावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानात, गणपती पेठेतील किराणा भुसारात किंवा एखाद्या गावच्या आठवडी बाजारात, जिथे जिथे माल मोजून पैसे घेतले जातात, तिथला काटा सरकारी शिक्क्याचा असावा लागतो. ठराविक मुदतीने काटा तपासून त्यावर हा शिक्का मारून घेण्याला कागदावर ‘फेरपडताळणी व मुद्रांकन’ म्हणतात. बाजारात आपण सगळे त्याला पासिंग म्हणतो. 1 एप्रिल 2011 पासून लागू असलेल्या वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 या वजनमापांच्या कायद्यानुसार ते बंधनकारक आहे. हळद आणि बेदाण्याच्या धंद्यात काट्याशेजारी उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट शेवटी त्या काट्यावरच्या आकड्यात उतरतात, म्हणून हे काम मी फार गांभीर्याने घेतो आणि नव्या दुकानदारांनीही घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत आधी मुदत नीट समजून घ्यावी. लोखंडी वजने, लिटरची मापे, मीटरपट्टी आणि दांडीचा तराजू यांची मुदत 24 महिने असते, तर इलेक्ट्रॉनिक काटा आणि वाहने मोजणारा वजनकाटा यांची मुदत 12 महिनेच असते. घोटाळा नेमका इथे होतो. एकाच दिवशी वजने आणि इलेक्ट्रॉनिक काटा पास करून घेतलेला दुकानदार दोन्हींची मुदत दोन वर्षांची धरून बसतो आणि दुसऱ्या वर्षी काटा बेकायदा वापरला जातो. प्रमाणपत्रावर पुढील पडताळणीची तारीख दिलेली असते. ती त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि तिच्या महिनाभर आधीच्या पानावरही एक खूण करावी. प्रमाणपत्र हाताशी नसेल तर शिक्का पाहावा. त्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचे इंग्रजी अक्षर असते: जानेवारी ते मार्च ‘ए’, आणि त्याच क्रमाने ऑक्टोबर ते डिसेंबर ‘डी’.

महिनाभर आधी खूण करण्याचे कारण असे, की काटा निरीक्षकासमोर नेण्यापूर्वी तो आपण स्वतः तपासायला हवा. काट्यावरची पट्टी एकदा लक्षपूर्वक वाचावी. तिच्यावर काट्याचा अनुक्रमांक, प्रतिमान मान्यतेचा (त्या नमुन्याच्या काट्याला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा) क्रमांक, अचूकतेचा वर्ग, कमाल व किमान क्षमता आणि ‘ई’ या अक्षरापुढे पडताळणीचा अंतराल, म्हणजे किती चूक चालेल हे ज्यावरून ठरते ते वजन, दिलेला असतो. आपल्याकडे किराणा दुकानात सर्रास दिसणारा काटा तिसऱ्या वर्गाचा, 30 किलोचा आणि 5 ग्रॅम अंतरालाचा असतो. अशा काट्याला पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, त्यापुढे 10 किलोपर्यंत 5 ग्रॅम आणि त्याहून अधिक वजनाला साडेसात ग्रॅम एवढीच चूक चालते. त्याची किमान क्षमता अंतरालाच्या वीसपट, म्हणजे 100 ग्रॅम असते. त्यामुळे 50 ग्रॅम वेलदोडे किंवा लवंग त्या काट्यावर मोजणे गैर आहे. त्यासाठी लहान क्षमतेचा वेगळा काटा ठेवावा आणि त्याचेही पासिंग करावे. घरगुती वापराचे म्हणून स्वस्तात मिळणारे काटे प्रतिमान मान्यता नसल्यामुळे पास होत नाहीत, तेव्हा त्यांवर पैसे घालवू नयेत.

तपासण्याची रीत सोपी आहे. काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवून पातळीचा बुडबुडा गोलाच्या मध्यावर आणावा, डोक्यावरचा पंखा बंद करावा आणि काटा चालू केल्यावर थोडा वेळ थांबून शून्य स्थिर होऊ द्यावे. मग क्षमतेच्या एक तृतीयांश, म्हणजे 30 किलोच्या काट्यावर 10 किलोचे शिक्का असलेले वजन, आधी मध्यभागी आणि नंतर एकेक करून चारही कोपऱ्यांवर ठेवावे. पाचही जागी आकडा सारखाच यायला हवा. माझ्या एका काट्यावर मधोमध 10 किलो बरोबर दिसत असे, मात्र पुढच्या डाव्या कोपऱ्यावर 9 किलो 980 ग्रॅम येत असे. पोती नेमकी त्याच बाजूने काट्यावर टेकवली जात असल्यामुळे ती चूक रोज कुणाच्या तरी हळदीत जात होती. कोपऱ्यांची ही चाचणी वर्षातून एकदाच न करता दर महिन्याला करावी, असे मी तेव्हापासून ठरवले. काट्याच्या क्षमतेच्या एक दशांश वजनाची पास झालेली वजने जागेवर ठेवण्याचा नियमही याच तपासणीसाठी आहे. 30 किलोच्या काट्याला 3 किलो वजने पुरतात, तरी कोपऱ्यांसाठी 10 किलो जवळ असणे चांगले.

चूक सापडली तर काटा स्वतः उघडू नये, शेजारच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यालाही देऊ नये. वजनमापांच्या दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच तो द्यावा, परवान्याची मुदत पाहावी आणि दुरुस्तीची पावती घ्यावी.

त्यानंतर आपल्या तालुक्याच्या वैध मापनशास्त्र निरीक्षकाकडे मुदत संपण्यापूर्वी अर्ज करावा. बहुतेक दुकानदार हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्यामार्फत करून घेतात. त्यात वावगे काही नाही. पण शुल्काची सरकारी पावती आणि दुरुस्तीवाल्याची मजुरी यांचे कागद वेगवेगळे मागून घ्यावेत, म्हणजे कशाचे किती दिले हे स्पष्ट राहते. अर्जासोबत जुने प्रमाणपत्र जोडावे. हलवता न येणारा मोठा काटा असेल तर निरीक्षकाला जागेवर यावे लागते, त्याचा खर्च वेगळा पडतो आणि तारीख मिळायला वेळ लागतो. म्हणून बेदाण्याचा किंवा उसाचा हंगाम तोंडावर येण्याची वाट पाहू नये. मुदत उलटल्यानंतरचे जादा शुल्क तिमाहीच्या हिशेबाने आकारले जाते, म्हणजे थोडे दिवस उशीर झाला तरी तिमाहीचा भुर्दंड बसतो, आणि दरम्यान काटा वापरात सापडला तर कारवाई वेगळीच.

पासिंगच्या दिवशी काटा पुसून न्यावा. ताटाखाली साचलेली हळदीची पूड आणि बेदाण्याचा चिकटा काढून टाकावा, कारण ताट कडेला घासू लागले की आकडा अडतो. तपासणी झाल्यावर शिसे आणि तार यांचे सील कसे लावले जाते ते समोर उभे राहून पाहावे. प्रमाणपत्र हातात येताच त्यावरचा अनुक्रमांक काट्यावरच्या पट्टीशी आकडा न आकडा जुळवून घ्यावा. दुकानात एकाच कंपनीचे तीन काटे असले की इथे अदलाबदल सहज होते, आणि ती पुढच्या तपासणीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सील तुटले की शिक्का संपला, मग प्रमाणपत्राची मुदत कितीही शिल्लक असो. 2019 च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुरात आमच्या दुकानात पाणी शिरले आणि काटा भिजला. पाणी ओसरल्यावर तो उघडून वाळवला, लोडसेल, म्हणजे आतला वजन जाणणारा भाग, बदलला, आणि प्रमाणपत्राचे सात महिने बाकी आहेत एवढ्या आधारावर मी तो वापरायला काढला. पहिल्याच आठवड्यात तासगावकडचे एक वयस्कर बागायतदार माल घेऊन आले. त्यांनी खाली वाकून काट्याची मागची बाजू पाहिली आणि शांतपणे विचारले, “शेठ, सील कुठाय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांचा माल दुसऱ्या पास काट्यावर मोजला, आधीच्या आठ जणांना निरोप पाठवून जिथे माल शिल्लक होता तिथे फेरमोजणी करून दिली, आणि फेरपडताळणी होईपर्यंत तो काटा कापडाने झाकून ठेवला. दुरुस्तीनंतर पुन्हा पासिंग केल्याशिवाय काटा वापरता येत नाही हा नियम मला ठाऊक असायला हवा होता. कृष्णाकाठच्या दुकानदारांनी तर तो विशेष लक्षात ठेवावा, कारण पुराचे पाणी लोडसेलमध्ये गेले की दुरुस्ती टळत नाही.

नवे प्रमाणपत्र गल्ल्यामागच्या फायलीत न ठेवता काट्याजवळ, गिऱ्हाईक उभे राहते तिथून वाचता येईल अशा उंचीवर लावावे आणि सील असलेली बाजू भिंतीकडे वळवू नये. दुरुस्तीच्या पावत्या आणि जुनी प्रमाणपत्रे प्रत्येक काट्याच्या अनुक्रमांकानुसार वेगळ्या पाकिटात ठेवावीत. पुढच्या वर्षीचा अर्ज भरताना तेच पाकीट उघडावे लागते.