हवेत इंजिन पेटलं तर: छोट्या ट्विनवर (दोन इंजिनांच्या विमानावर) या चुका टाळा

मल्टी-इंजिन रेटिंगला, म्हणजे एकापेक्षा जास्त इंजिनांचं विमान उडवायच्या परवान्यासाठी, येणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना पाठांतराचं भय नसतं. बरीचशी लातूर पॅटर्नमधून तावूनसुलाखून निघालेली असतात. घोळ दुसराच होतो. आगीचा ड्रिल तोंडपाठ असतो, आणि तो भरभर म्हणण्याच्या नादात हात भलत्याच लिव्हरवर जातो.

चांगलं इंजिन बंद करणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘डेड लेग, डेड इंजिन’ (ज्या पायाला रडरवर जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचं इंजिन बंद) हा नियम इंजिन बंद पडल्यावर उपयोगाचा. पेटलेलं इंजिन मात्र कित्येकदा जोर देतच असतं, त्यामुळे विमान कुठल्याच बाजूला ओढत नाही. थ्रॉटल मागे घेऊन खात्री करायची नेहमीची रीतही इथे फसवते, कारण दोन्ही चालू असताना कुठलंही थ्रॉटल ओढलं तरी नाक वळणारच. म्हणून आधी खिडकीबाहेर बघा: काउलिंगवरचा (इंजिनाच्या झाकणावरचा) रंग फुगलाय का, धूर कुठून येतोय. डाव्या सीटवरून उजवीकडचं नीट दिसत नाही, शेजारच्याला विचारा. लिव्हरवर हात ठेवून ‘उजवं’ किंवा ‘डावं’ मोठ्याने म्हणा, त्याचा होकार येऊ द्या, मगच ओढा. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७ चं डावं इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. मागच्या प्रवाशांना डावीकडच्या ज्वाळा दिसल्या होत्या, पण ते कॉकपिटपर्यंत पोचलंच नाही. ४७ जण गेले.

केबिनमधल्या अग्निशामकाकडे धावू नका. बहुतेक छोट्या पिस्टन ट्विनच्या इंजिनात आग विझवायची बाटली नसते; आग विझवायची ती इंधन तोडूनच. पायपरच्या सेनेका या छोट्या ट्विनवर क्रम असा: फ्युएल सिलेक्टर ऑफ, थ्रॉटल बंद, प्रॉपेलर फेदर (पाती वाऱ्याला कडेने वळवणं), मिक्स्चर आयडल कट-ऑफ (इंजिनात जाणारं इंधन बंद), हीटर आणि डिफ्रॉस्टर ऑफ, काउल फ्लॅप (इंजिनाच्या झाकणाच्या झडपा) उघडे. दुसऱ्या विमानाचा क्रम त्याच्या मॅन्युअलमधून घ्या. फेदरला रेंगाळू नका. मिनिटाला फेरे ८०० च्या खाली गेले की प्रॉपेलरमधल्या पिना अडकतात आणि पाती फेदरमध्ये वळत नाहीत. ‘बेचाळीस अंशात हीटर कोण लावतं’ म्हणून तो टप्पा गाळणारेही भेटतात. स्विच तरीही बघायचाच.

त्या बेचाळीस अंशांचा खरा फटका चढताना बसतो. छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबादचं) चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास १,९०० फुटांवर. मे महिन्यातल्या दुपारी तिथली हवा साधारण साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. टर्बो नसलेलं ट्विन एका इंजिनावर तिथे जेमतेम चढतं. नाक ओढून उंची मागायला जाल तर वेग ब्लू लाइनखाली (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायच्या वेगाखाली) जातो. तसाच रेड लाइनखाली (एका इंजिनावर विमान ताब्यात राहायच्या किमान वेगाखाली) गेला तर विमान उलटतं.

आग विझली म्हणून इंजिन पुन्हा चालू करून बघू नका. ‘मेडे’ म्हणा, ट्रान्सपॉन्डरवर आणीबाणीचा कोड ७७०० लावा, जवळची धावपट्टी गाठा. घर नांदेडला आहे म्हणून नांदेड नको. आग विझतच नसेल तर रान चालेल. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत चाकं रुतून विमान पालथं होतं, म्हणून तिथे पोटावरच टेकवा. मोकळा दिसणारा रस्ता विजेच्या तारांमुळे फसवा.

उतरल्यावर चालू इंजिन बंद केल्याशिवाय कुणाला खाली उतरू देऊ नका. सेनेकाचा पुढचा दरवाजा उजव्या पंखावर उघडतो; उजवं पेटलं असेल तर मागचा डावा दरवाजाच कामाचा. त्याची कडी कशी उघडते, हे मागे बसणाऱ्याला उड्डाणाआधीच दाखवून ठेवा.