जुन्या गेमची कमाई काढताय? या चुका टाळा

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले रिव्ह्यू गुणिले पन्नास (एका रिव्ह्यूमागे पन्नास कॉप्या विकल्या असं धरून) गुणिले किंमत, झाली कमाई. हा फॉर्म्युला ज्याने कोणी पसरवला त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, 2011 च्या एका इंडी (छोट्या स्वतंत्र टीमने बनवलेल्या) गेमचे हक्क घेऊन मोबाइलवर आणायचं डोक्यात, त्यासाठी एक्सेल घेऊन घरी आला. स्टीमवर 4,000 रिव्ह्यू, म्हणजे 2 लाख कॉप्या, गुणिले 20 डॉलर, म्हणजे 40 लाख डॉलर! "काका, बघा ना, आपण उगाच घाबरतोय." अरे भिया, आधी पोहे खा, मग बोलू.

पहिलं म्हणजे पन्नास हा आकडा आणला कुठून? स्टीमवर रिव्ह्यूच आले 2013 च्या शेवटी, त्याआधी ज्यांनी गेम घेऊन संपवला ते परत येऊन कशाला लिहितायत, म्हणजे जुन्या गेमला एका रिव्ह्यूमागे कॉप्या जास्तही असू शकतात. उलट 2019 मध्ये स्टीमने खेळणाऱ्यांना रिव्ह्यू लिहा म्हणून विचारायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या गेमना गुणक बराच खाली आला. मी एक आकडा धरतच नाही, कमीतकमी, मधला, जास्तीत जास्त असे तीन रकाने करतो, घाई असणाऱ्यांना ते आवडत नाही तो त्यांचा प्रश्न.

पण खरी माती किंमतीत होते. त्याला म्हटलं स्टीमडीबी या स्टीमच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर किंमतीचा ग्राफ उघड. 20 डॉलर टिकले जेमतेम पहिलं वर्ष, मग निम्मे, मग दर सेलला 75 टक्के सूट, आणि जुन्या गेमच्या बहुतेक कॉप्या खपतात त्या ह्या सेलमध्येच. त्यात 2015 पासून आपल्याकडे रुपयात किंमत, 20 डॉलरचा गेम बऱ्याचदा 565 रुपयांना मिळायचा. सरासरी 6 डॉलर धरले तर त्याचे 40 लाख झाले 12 लाख, त्यातून स्टीमचे 30 टक्के गेले की 8 लाख 40 हजार, आणि टॅक्स, रिफंड, पब्लिशरचा वाटा अजून बाकी. पोरगं गप्प. पोहे मात्र संपवले.

आणखी काही चुका. दुकानांना पाठवलेल्या (शिप केलेल्या) कॉप्या म्हणजे विकलेल्या नव्हेत. अटारी कंपनीने 1982 मध्ये ईटी या गेमच्या कार्ट्रिज लाखोंनी बनवल्या, त्यातल्या बऱ्याच परत आल्या आणि काही शेवटी न्यू मेक्सिकोत पुरल्या, 2014 मध्ये त्यातल्या थोड्या खणून बाहेर काढल्या.

गेमिंग मशीनबरोबर फुकट दिलेला गेम वेगळा मोजा. सुपर मारिओ ब्रदर्सच्या 4 कोटी कॉप्यांतल्या कितीतरी मशीनच्या खोक्यातूनच गेल्या.

खेळाडूंच्या स्टीम प्रोफाइलवरून गेमचे मालक किती याचा अंदाज काढणाऱ्या स्टीमस्पाय या साइटचा 2018 नंतरचा आकडा डोळे मिटून घेऊ नका, त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रोफाइलमधली गेम लायब्ररी बाय डिफॉल्ट प्रायव्हेट झाली आणि त्याचा पायाच गेला. शिवाय मालक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, बंडलमध्ये (अनेक गेम एकत्र स्वस्तात) चिल्लरीत मिळालेलेही त्यातच मोजले जातात.

आणि कृपा करून "आमच्याकडे सगळ्यांनी खेळलाय" हे सांगू नका. व्हाइस सिटी हा गेम इंदूरच्या प्रत्येक सायबर कॅफेत होता, ओरिजिनल डबा कुणाच्या घरी पाहिलाय का?