आवडीच्या कामाकडे वळताना प्रेरणा कुठून मिळवावी?

मी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते, आता वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढते. म्हणजे पानाच्या शिरा, देठावरची लव, फुलातले पुंकेसर हे सगळं मोजून, योग्य प्रमाणात कागदावर उतरवायचं काम. या किंवा अशाच एखाद्या क्षेत्रात येऊ पाहणारी तरुण मंडळी मला हमखास विचारतात, "एवढी प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" आपल्याला काय आवडतं हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असतं. पण आतून हवा तेवढा जोर येत नाही, म्हणजे ही आपली खरी आवड नसावी, असं समजून ती थांबलेली असतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आवड आपल्या आत तयार स्वरूपात दडलेली असते, ती एकदा सापडली की पुढचं सगळं आपोआप होतं, या समजुतीने फार नुकसान होतं असं मला वाटतं. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक रंजक व्हिडिओ दाखवला आणि मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा उत्साह लेख हाती येताच जास्त ओसरला. आवड घडवता येते असं मानणारे त्या मानाने टिकून राहिले. अवघड भाग आला की "हे आपलं नव्हेच" असा निष्कर्ष काढायची घाई इथेच होते.

शिरा काढायचं काम मलाही सुरुवातीला कंटाळवाणं वाटायचं. मग त्यांची रचना शिकले. काही पानांत बाजूच्या शिरा थेट कडेच्या दात्यांपर्यंत जाऊन संपतात, तर काहींत कडेला पोचण्याआधीच वळतात आणि पुढच्या शिरेला जाऊन मिळतात. एवढंसं कळल्यावर मला रस्त्याने जाताना पानं उलटून बघितल्याशिवाय राहवेना. अजूनही राहवत नाही! म्हणून नवशिक्यांना माझं पहिलं सांगणं असं की उत्साह कमी पडला तर विषयात आणखी एक पायरी खोल उतरा. गाणं शिकत असाल तर एकाच रागाच्या दोन गायकांच्या मांडण्या शेजारी ठेवून ऐका. प्रोग्रामिंग शिकत असाल तर रोज वापरता ती एखादी सोय आतून कशी चालते ते उकलून बघा. जाण वाढली की कुतूहलाला धरायला जागा मिळते.

दुसरं, थोरांच्या गोष्टी वाचताना त्यांचा सत्कार वगळा आणि त्यांचं कामाचं टेबल शोधा. मला सर्वांत जास्त बळ दिलं ते मारिया सिबिला मेरिअन या चित्रकर्तीने. 1699 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथले कीटक आणि ते ज्या झाडांवर जगतात ती झाडं तिने चितारली आणि 1705 मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध केला. सांगताना लोक हा धाडसी प्रवासच सांगतात. पण तेरा वर्षांची असल्यापासून ती रेशमाचे किडे पाळत होती, अंडं, अळी, कोष आणि पतंग या अवस्था बघून टिपून ठेवत होती. किडे चिखलातून आपोआप जन्मतात, असं अनेकांना वाटत होतं त्या काळात! सुरिनामच्या खर्चासाठी तिने आपली चित्रं विकली. अळ्यांना ताजी पानं आणून घालण्यात गेलेली ती जवळजवळ चाळीस वर्षं मला प्रवासापेक्षा मोठी वाटतात, कारण त्यातलं थोडं तरी मला उद्या सकाळी करता येतं.

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचं उदाहरण अधिक व्यावहारिक आहे. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना तो बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. 1812 मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. लगेच जागा मिळाली नाही, पण 1813 मध्ये प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याला बोलावणं आलं. त्याच्या हाती पदवी नव्हती, होती ती टिपणं. तुम्हाला कुणाकडे शिकायला जायचं असेल, तर "मला खूप आवड आहे" या वाक्यासोबत केलेलं काहीतरी घेऊन जा, कच्चं असलं तरी चालेल. मला मार्गदर्शक मिळाल्या त्या अशाच, चित्रांची एक वही पुढे ठेवल्यावर.

स्वप्नरंजनाबद्दलही बोलायला हवं. डोळे मिटून यश बघा, असा सल्ला सर्रास मिळतो. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. 1991 च्या त्यांच्या एका अभ्यासात, वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांपैकी ज्या यशाची गोडगुलाबी चित्रं रंगवत होत्या त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. नुसत्या कल्पनेनेच मनाला पोचल्यासारखं वाटतं आणि अंगातला जोर ओसरतो, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा उपाय मी वापरते: इच्छा मनात आणायची, लगेच तिच्या आड येणारी गोष्ट बघायची आणि "असं झालं तर असं करीन" हे आधीच ठरवून टाकायचं. नोकरीच्या दिवसांत माझं ठरलेलं होतं की दमून आले तर रंग काढायचे नाहीत, पेन्सिलीने फक्त एक पान काढायचं. तेवढं हातून होत असे.

आता नोकरी सोडण्याविषयी. घाई करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो उद्योजकांची माहिती तपासून 2014 मध्ये दाखवलं की नोकरी सांभाळत सुरुवात करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. चित्रकला म्हणजे धंदा नव्हे, तरी भाड्याची चिंता डोक्यावर नसताना हात मोकळा चालतो, एवढं मी स्वानुभवाने सांगू शकते. पगार चालू होता म्हणूनच मला न पटणारी कामं नाकारता आली.

आणि आवडीतून पैसे मिळू लागले की एक कोपरा बिनपैशाचा राखा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना त्याचे पैसे मिळाले, त्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना हात लावणं कमी केलं. माझी एक वही विकण्यासाठी नाही, तिच्यात मी मला हवं ते काढते.

कोरडे दिवस येतातच. तेव्हा मी नक्कल करते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 27 व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, तेव्हा तो शार्ल बार्ग या चित्रकाराच्या रेखाटनाच्या अभ्यासपाठांतली चित्रं पुन्हा पुन्हा उतरवत बसायचा. नक्कल करताना नवीन काही सुचावं लागत नाही, हात मात्र चालू राहतो.

हे सगळं करूनही मन रमलं नाही तर? कामातला सगळ्यात रटाळ भाग घ्या आणि तो तुम्हाला कसा वाटतो ते काही आठवडे बघा. चित्र पुरं झाल्यावर होणारं कौतुक सगळ्यांनाच आवडतं. डिव्हायडरने एकेक पाकळी मोजणं मात्र सहन होत नसेल, तर शेजारच्या वाटा धुंडाळा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीला चित्र काढताना कंटाळा यायचा, पण झाड ओळखता येत नसेल तर ती जेवायला उठत नसे. ती वर्गीकरणाकडे वळली आणि आता मी काढलेल्या चित्रांतल्या चुका मला तीच दाखवते.