मुलं लहान असताना शहराबाहेर राहायला जाताय? या चुका टाळा

शहर सोडून तास-दीड तासावरच्या गावात राहायला जायचं डोक्यात आलं की घरात एक कागद निघतो. एका बाजूला इथलं भाडं, दुसऱ्या बाजूला तिथलं. शिवाय एक खोली जास्त, पोरांना खेळायला मोकळी जागा, खिडकीसमोर भिंतीऐवजी आभाळ. हा हिशोब खोटा नसतो, पण त्यात घर मोजलेलं असतं आणि दिवस मोजायचा राहिलेला असतो. त्यातही मूल लहान असेल तर संध्याकाळी पाच ते रात्री नऊ हे चार तास. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ त्या चार तासांत आहे.

जाहिरातीतल्या मिनिटांवर विसंबणं

‘स्टेशन पाच मिनिटांवर, तिथून शहर पन्नास मिनिटं.’ दोन्ही आकडे खरे असतील आणि तरी तुमचा प्रवास दीड तासाचा निघेल. कारण मधे पाळणाघर आहे, आणि लहान मूल दारात दोन मिनिटांत हात सोडत नाही. मग गाडी लावायला जागा शोधणं, जिना, फलाट, थांबणं, प्रवास, उतरल्यावर गर्दीतून बाहेर पडणं, पुढची बस. वेळ मोजायचा तो घराच्या कुलपापासून कामाच्या खुर्चीपर्यंत.

गाड्या किती वेळाने आहेत हेही तितकंच पाहायला हवं. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर मुलाने बूट घालायला नकार दिला तरी फार बिघडत नाही. अर्ध्या तासाने एक असेल तर तीच पाच मिनिटं अर्ध्या तासाला पडतात, आणि सकाळच्या घाईतली निम्मी चिडचिड त्यातूनच येते. दोन गावांतून एक निवडायचं असेल तर मी थोडं लांबचं पण वारंवार गाड्या असलेलं निवडेन.

शिवाय सरासरी वेळेपेक्षा बिघडलेला दिवस जास्त महत्त्वाचा. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्यांचा गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी अभ्यास केला. प्रवासाचा कालावधी जसा ताणाशी जोडलेला दिसला, तशी त्यातली अनिश्चितताही दिसली. म्हणून घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, किंवा गेलात तरी तेवढ्यावर ठरवू नका. कामाच्या दिवशी, तुमच्याच वेळेला, जाऊन-येऊन बघा. भर पावसातलाही एक दिवस त्यात असू द्या. शेवटची गाडी कितीची, ती चुकली तर काय, आणि गाड्या बंद पडल्या तर दुसरा रस्ता कुठला, हे फलाटावर उभ्या असलेल्या रोजच्या माणसाला विचारा. घर विकणाऱ्याला नको.

‘होईल सवय’

मोठ्या घराची सवय होते, आणि लवकर होते. पाहता पाहता ती जादा खोली सामानाने भरते. प्रवासाचं तसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसातलं एकेक काम आणि ते करताना मन कसं होतं, हे लिहायला सांगितलं होतं. सकाळचा कामावर जातानाचा प्रवास यादीच्या अगदी तळाशी निघाला. अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून दाखवलं की जास्त प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगलं घर किंवा जास्त पगार त्या प्रवासाची पुरेशी भरपाई करत असता, तर असं दिसायला नको होतं.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. सवयीवर हवाला ठेवून जाऊ नका, एवढाच.

संध्याकाळ कागदावर न मांडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि बहुतेकांना ती दिसतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाचे ११ ते १४ तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. दुपारची झोप यातच धरली आहे. आता दुपारची झोप सुटलेलं चार वर्षांचं मूल घ्या. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर आठ-साडेआठला ते झोपलेलं हवं. तुम्ही सहाला ऑफिसातून निघता, दीड तासाने साडेसातला घरी. हातपाय धुऊन टेकेपर्यंत पावणेआठ. जेवण, दात घासणं, गोष्ट आणि दिवसभराची सगळी गाऱ्हाणी अर्ध्या-पाऊण तासात. हे जमतं, पण गाडी वेळेवर असेल तर. गाडी अर्धा तास उशिरा आली की ती संध्याकाळ गेली.

मग घरोघरी एकच उपाय केला जातो: आईबाबा येईपर्यंत मुलाला जागं ठेवायचं. दहा वाजतात, सकाळी उठवताना रडारड, पाळणाघरात दिवसभर किरकिर, आणि दोष नव्या गावाला. तसं करण्यापेक्षा भेटीची वेळ सकाळी आणा. रात्री मुलाला वेळेवर झोपू द्या आणि सकाळची वीसेक मिनिटं घाई न करता, फोन बाजूला ठेवून त्याच्यासोबत घालवा. थकलेल्या मुलाबरोबरच्या तासापेक्षा ताज्या मुलाबरोबरची वीस मिनिटं दोघांनाही बरी जातात.

दोघेही नोकरी करत असाल तर दुसरा मार्ग वेळा वाटून घेण्याचा. एकाने भल्या पहाटे निघून चारला काम संपवायचं, दुसऱ्याने सकाळ सांभाळून उशिरा जायचं. यात नवरा-बायकोची गाठ कमी पडते हे खरं, पण मुलाला दिवसाच्या दोन्ही टोकांना कुणीतरी एक मिळतं. फक्त ऑफिसची ही परवानगी घर बदलण्याआधी घ्या, आणि लेखी घ्या. ‘बघू, करू काहीतरी’ हे साहेबांचं वाक्य परवानगीत मोडत नाही.

दोघांनीही दूरवर अप-डाऊन करणं

दुपारी दोनला पाळणाघरातून फोन येतो: ताप आहे, घेऊन जा. दोघेही दीड तासावर. आता कोण?

घर ठरवण्याआधी या प्रश्नाला नावासकट उत्तर हवं. शक्य तर दोघांपैकी एकाची कामाची जागा घरापासून अर्ध्या तासात असावी. नसेल तर घरून काम करण्याचे दिवस एकाच दिवशी येऊ देऊ नका. एकाचा मंगळवार असेल तर दुसऱ्याचा गुरुवार घ्या. तेही नसेल तर मुलाला आणायला जाऊ शकेल अशी गावातच राहणारी दोन माणसं शोधा आणि त्यांची नावं पाळणाघराच्या अर्जात लिहून द्या. आजी-आजोबा जवळ येऊन राहणार असतील तर उत्तम, मात्र आधी त्यांना विचारा. पुष्कळदा त्यांना गृहीत धरलेलं असतं. पाळणाघर किती वाजता बंद होतं आणि उशीर झाल्यास काय करतात, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. सातला बंद होणारं पाळणाघर आणि साडेसातला पोचणारी गाडी यांचा मेळ कुठल्याच गोड बोलण्याने बसत नाही.

आणखी एक गोष्ट घरात उघड बोलली जात नाही. प्रवास झेपेनासा झाला की दोघांपैकी एकाने जवळची, कमी पगाराची नोकरी धरायची वेळ येते, आणि बहुधा ती बायकोवर येते. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या एरिका सान्डोव यांच्या संशोधनात, जोडप्यातल्या एकाला कामासाठी दूरवर रोज ये-जा करावी लागते तेव्हा वेगळं होण्याचा धोका इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आढळला. पहिली काही वर्षं सर्वांत अवघड. स्वीडनचे आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण कारण ओळखीचं आहे: एक जण प्रवासात असतो तेव्हा घर दुसऱ्याच्या अंगावर पडतं. कुणाच्या नोकरीला कात्री लागू शकते, किती वर्षांसाठी, आणि पैशाची तूट कशी भरायची, हे जाण्याआधी बोला. नंतर तो विषय भांडणातच निघतो.

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस, यावर सगळं उभं करणं

घरून काम करण्याची सवलत एका ईमेलने जाते. घर एका ईमेलने बदलत नाही. म्हणून पाचही दिवस जावं लागलं तर काय, हे कागदावर मांडून पाहा. कष्ट होतील पण निभेल असं वाटलं तर पुढे जा. अशक्य वाटलं तर तुम्ही घर निवडत नसून ऑफिसच्या आजच्या धोरणावर पैज लावताय.

पैशाचा अर्धाच हिशोब

भाड्यातली बचत सगळे मोजतात. दोघांचे पास, स्टेशनवरचं पार्किंग, लवकरच लागणारं दुसरं वाहन, पाळणाघराचे जादा तास, मोठ्या घराचं वीजबिल आणि दमून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण मोजायचं राहतं. हे सगळं वजा करून उरलेली रक्कम वाढलेल्या तासांनी भागा. रोजचे दोन तास वाढले तर महिन्याच्या २२ दिवसांत एकाचे ४४ तास, दोघांचे ८८. तासाला जे काही येईल ते बघून स्वतःला विचारा, या दराने कुणी ओव्हरटाइम सांगितला असता तर केला असता का?

आधी घर, मग बाकीचं

पाळणाघरात जागा आहे का, हे करारावर सही करण्याआधी बघा. नव्याने वाढणाऱ्या गावात इमारती आधी उभ्या राहतात आणि शाळा, दवाखाने मागून येतात. खेळवर्ग गल्लोगल्ली दिसले तरी माध्यमिक शाळा कुठे आहे ते विचारा. तीन वर्षांचं मूल तेरा वर्षांचं होणारच आहे. रात्री कुठला बालरोगतज्ज्ञ मिळतो, पाणी रोज येतं का, हे त्याच इमारतीतल्या मूल असलेल्या घराला विचारावं. लसीकरणाचं कार्ड आणि मुलाची औषधं ट्रकमध्ये टाकू नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा.

आणि लगेच विकत घेऊ नका. आधी वर्षभर भाड्याने राहा, म्हणजे सगळे ऋतू आणि शाळेचं एक वर्ष त्यात येईल. ‘भाव वाढतील’ या घाईत घेतलेलं घर चुकीच्या बाजूला निघालं तर विकायला वेळ लागतो.

मुलाचं सगळं एकदम बदलणं

नवं घर, नवं पाळणाघर, नवा पलंग, आणि आता जातोच आहोत तर डायपरही सोडवून टाकू. नको! जुनी चादर, जुनी खेळणी, झोपण्याआधीचा जुना क्रम तसाच ठेवा. डायपर आणि बाटली सोडवणं काही आठवडे पुढे ढकला. लहान मुलं घर बदलल्यावर थोडी मागे जातात: रात्री उठतात, बिलगून बसतात, कपडे ओले करतात. रागावलं नाही तर बहुतेकदा ते आपोआप निवळतं. बरेच आठवडे उलटूनही कमी होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मोठ्यांचीही एक खोड असते. राहायचं नव्या गावात आणि प्रत्येक शनिवार-रविवार जुन्या शहरात काढायचा. मग गावात ओळख होत नाही, आणि दिवसभर बाळासोबत घरी असणारी व्यक्ती एकटी पडते. पहिले काही महिने निदान एक सुट्टीचा दिवस गावातच राहा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या बागेत गेलात तरी तेच तेच आईबाप भेटतात, आणि पुढे मुलाला आणायला जाणारी माणसं त्यांच्यातूनच मिळतात.

गेलात आणि बिनसलं, तर

गावालाच नावं ठेवण्याआधी नेमकं काय बिनसलंय ते शोधा. दोन आठवडे रोज तीन वेळा लिहून ठेवा: घरातून निघालात कधी, परत पोचलात कधी, मूल झोपलं कधी. त्रास सकाळीच असेल तर बहुधा पाळणाघर वाटेत नाहीये. ते स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं शोधा. भांडणं ठराविक वारी होत असतील तर त्या वारी दोघांनाही उशीर होतोय, वेळापत्रक हलवा. सगळा रविवार झोपण्यात जात असेल तर प्रवासच अंगावर येतोय, आणि एखादा दिवस घरून काम मिळवण्यासाठी साहेबांशी बोलायला हवं, हे टिपण सोबत घेऊन.

बदल करताना स्वस्तातला आधी करा: वेळा, मग पाळणाघर, मग त्याच गावात स्टेशनजवळचं घर, मग नोकरी. परत शहरात जाणं सर्वांत शेवटी, पण यादीत ते असू द्या. त्यासाठी भाड्याचा करार करताना मुदतीआधी घर सोडण्याची अट नीट वाचा, सामान हलवण्याइतके आणि नव्या घराच्या अनामतीइतके पैसे वेगळे ठेवा, आणि कॅलेंडरवर एक तारीख दोघांनी मिळून लिहा: त्या दिवशी बसून ठरवायचं, राहायचं की नाही. शाळांचे प्रवेश सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधीची तारीख सोयीची पडते.